तो कोपरा राहिला

१

एखाद्या दुकानदाराच्या तोंडून 'दुकान बंद करतो' असं तुम्ही कधी ऐकलंय का हो? जरा आठवून बघा. 'वाढवतो' म्हणेल. 'वाढवायची वेळ झाली' म्हणेल. फारच घाईत असला तर नुसतं 'वाढवू?' म्हणेल आणि तुम्ही पायरी उतरायच्या आत दार ओढून घेईल. पण बंद म्हणायचा नाही. तो शब्द काढला की खरंच बंद पडेल, अशी आपली प्रत्येकाच्या मनात एक धास्ती.

जुनी पुस्तकं, जुने नकाशे आणि जुनी छापील चित्रं विकणाऱ्या ताईसुद्धा रोज संध्याकाळी 'वाढवते' असंच म्हणायच्या. त्या नव्या सून होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "चहात साखर घालायला विसरलीस तर एक वेळ चालेल. पण तो शब्द या उंबऱ्याच्या आत उच्चारायचा नाही." पुढे सासूबाई गेल्या, ताईंचे यजमानही गेले, पण ताईंनी तो शब्द कधी ओठांवर येऊ दिला नाही. दुकानावर तर घर चालत होतं.

आता हे 'वाढवते' कोणीतरी शब्दशः मनावर घेईल, हे त्या बिचारीच्या स्वप्नात तरी कसं यावं?

२

दुकान होतं मोज्यासारखं. तोंडाशी जेमतेम रुंद, मग लांबच लांब अरुंद, आणि टोकाला शिवून टाकलेलं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत पुस्तकांची कपाटं, त्यांच्या खाली नकाशांचे रुंद, उथळ खण. एका बाजूच्या कपाटांना वरून लोखंडी पट्टी लावलेली होती आणि त्या पट्टीवर चाकांची शिडी अडकवलेली. शिडी ढकलली की घरंगळत जायची.

तोंडाशी ताईंचं टेबल आणि दाराजवळ वन्संची खुर्ची.

वन्सं म्हणजे ताईंची थोरली नणंद. ताईंच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना वन्सं म्हणायला लागली होती, मागच्या गल्लीतला शिंपीसुद्धा. घरात आता या दोघीच. वन्सं रोज ताईंबरोबर दुकानात यायच्या, खुर्चीत बसायच्या, एका पायातली चप्पल अंगठ्यावर झुलवत राहायच्या आणि चुका काढायच्या. पुस्तक उघडून बघितलेलं कोणाला आठवत नाही.

ताई सकाळ-संध्याकाळ दुकान झाडायच्या. अगदी वाकून, खणांच्या खालून केरसुणी फिरवून. झाडून कंबर सरळ केली, की खुर्चीतून आवाज यायचाच.

"तो कोपरा राहिला."

"कुठला हो वन्सं?"

"मी सांगितल्यावर काय उपयोग? दिसायला हवं आपलं आपल्याला."

कोपरा कधीच राहिलेला नसायचा. पण इतक्या वर्षांत ताईंनी झाडलंय आणि वन्संना ते पसंत पडलंय, असं एकदाही झालं नव्हतं. ताईंना आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि पुढे पुढे तर ते वाक्य ऐकल्याशिवाय झाडणं पुरं झाल्यासारखंच वाटेना.

संध्याकाळी झाडून झालं की ताई शिडी मागच्या बाजूला ढकलून द्यायच्या. घर्रर्र जायची आणि मागच्या भिंतीवर आपटायची. टक्क. तो टक्क ऐकला की दिव्याच्या बटणावर हात ठेवून त्या म्हणायच्या, "चला, वाढवते."

३

गावातले एक म्हातारे मोजणी अधिकारी वारले. मुलांना घर रिकामं करायचं होतं. ताईंनी तिथे जाऊन नकाशांचा एक खण बघितला, दुसरा बघितला आणि त्यांचं भानच हरपलं. हातानं रंगवलेल्या नद्या, मुंगीच्या पावलांनी काढावेत तसे डोंगर. सगळाच्या सगळा माल त्यांनी उचलला.

टेंपो दाराशी आला तेव्हा वन्संचे डोळे पांढरे झाले.

"हे सगळं आत?"

"जागा करू हो."

"कुठे? माझ्या मांडीवर?"

खणात मावेनात म्हणून नकाशे जमिनीवर आले, मग शिडीच्या पायऱ्यांवर, मग खरोखरच वन्संच्या खुर्चीखाली. गिऱ्हाइकांना खेकड्यासारखं आडवं चालावं लागायला लागलं. ताईंचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, खिशात कायम भिंग घेऊन फिरणारं. त्याला सगळे भिंगवालेच म्हणायचे. ते तर दोन ढिगांच्या मध्ये असे अडकले, की ताईंनी एक हात आणि शिंप्यानं दुसरा हात धरून त्यांना ओढून काढलं. कोटाचं बटण आतच राहिलं.

"उद्या एखादा आत मरून पडेल," वन्सं म्हणाल्या, "आणि तू त्याच्यावर किंमत लिहून ठेवशील."

त्या संध्याकाळी ताईंचा जीव अगदी कावला होता. शिडी कशीबशी वाट काढत गेली, टक्क झालं. ताईंनी बटणावर हात ठेवला आणि रोजच्यासारखं सवयीनं नाही, तर अगदी कळकळीनं, पोटातून म्हणाल्या, "वाढवायलाच हवं बाई हे दुकान!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टक्क जरा उशिरा आला.

४

फार नाही. ताईंचा हात बटणाकडे निघाला होता आणि तो हवेत थांबला, इतकंच. मग टक्क झालं. ताई मनाशी म्हणाल्या, चाकांना तेल घालायला झालंय. त्यांनी तेल घातलं. पुढच्या दिवशी शिडी वाऱ्यासारखी गेली, आणि टक्क आणखी उशिरा आला.

मग एका सकाळी मागच्या भिंतीच्या आधी एक कपाट दिसलं. ताई बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. हे इथे होतंच की, ढिगांमुळे दिसत नसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. वय झालं की असं होतं. परवाच नाही का डोक्यावर चष्मा असून घरभर शोधला.

तरी पण त्या शिंप्याकडे गेल्या. त्याच्या आणि यांच्या दुकानाची मागची भिंत एकच होती. त्याच्या दुकानाचं तोंड मागच्या गल्लीत.

"जरा माप घ्यायचं होतं."

"कोणाचं? वन्संचं?"

"दुकानाचं."

शिंप्यानं गळ्यातली टेप काढली, कानावर पेन्सिल अडकवली आणि दारापासून टेप टाकत टाकत आत गेला. बाहेर आला तो आकडे पुटपुटत. मग गल्लीला वळसा घालून दोन्ही दुकानं बाहेरून मापली. परत आला तेव्हा पेन्सिलीचं टोक चावत होता.

"ताई, या मापानं तुमची मागची भिंत माझ्या मशीनच्याही पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाकावर यायला हवी."

"मग आहे का बाकावर?"

"बाकावर माझा मेहुणा बसलाय."

शिंप्यानं टेप गुंडाळायला घेतली.

"टेप जुनी झाली," शिंपी म्हणाला. "ताणली गेली असेल."

"असेल असेल," ताई घाईघाईनं म्हणाल्या.

"शर्ट कसे बरोबर होतायत मग?" वन्सं खुर्चीतून म्हणाल्या.

५

वन्संना मात्र आनंदाचं भरतं आलं. नव्या कपाटातली पुस्तकं आयतीच होती. जुनी, जाड पुठ्ठ्यांची, आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं किंमत लिहिलेली. अक्षर ताईंचंच. ताईंना मात्र लिहिल्याचं आठवत नव्हतं.

"ना आणायला गेलीस, ना भाव केलास," वन्सं म्हणाल्या. "पहिल्यांदाच व्यवहाराचं काहीतरी केलंयस."

"पण आली कुठून?"

"आलेल्याला कुठून आलास विचारू नये. बसायला सांगावं."

एक पातळसं प्रवासवर्णन भिंगवाल्यांनी घेतलं. या माणसाची एक खोड होती. पुस्तक घेताना तो एकेक पान मोजून घ्यायचा, एखादं पान किंवा चित्र फाटून गेलेलं नाही ना ते बघायला. या धंद्यात तशी पद्धतच आहे, पण भिंगवाले नोटा मोजाव्यात तशी थुंकी लावून मोजायचे आणि ताईंचा जीव कासावीस व्हायचा. दुकानात मोजलं, बरोबर भरलं. दोन दिवसांनी पुस्तक घेऊन परत आले.

"कमी भरलं का?" ताईंनी घाईनं विचारलं.

"कमी असतं तर भांडलो असतो हो. जास्त भरतंय."

"म्हणजे?"

"काल घरी मोजलं तर पानं वाढली होती. आज सकाळी आणखी वाढली. चित्रंसुद्धा." त्यांनी आवाज खाली आणला. "वाचायला बसलो होतो. शेवटच्या पानावर तो प्रवासी घरी पोचतो. आज सकाळी बघतो तर तो परत निघालाय. आणि मागच्या चित्रात एकटा होता, आता त्याच्या मागे कोणीतरी चालतंय."

"परत घेऊ का?" ताई म्हणाल्या.

भिंगवाल्यांनी विचार केला. "नको. पण रात्री कपाटात ठेवायचं का बाहेर, तेवढं सांगा."

"बाहेर," वन्सं म्हणाल्या. "गच्चीवर. कशाला घरात अडचण."

ते गेल्यावर ताईंनी त्या नव्या कपाटांकडे बघितलं. आता ती बरीच झाली होती. दिव्याचा उजेड शेवटपर्यंत पोचत नव्हता. दुकान मोठं झालं होतं, गिऱ्हाइकं सरळ चालत होती, विक्रीही बरी होत होती, पण ताई आता त्या कपाटांकडे पाठ करून बसत नव्हत्या. संध्याकाळी 'वाढवते' म्हणताना त्यांनी आता जीभ आवरायला सुरुवात केली. नुसतं 'हूं' म्हणायच्या. पण सवय वाईट. एक दिवस सुटायचा, दुसऱ्या दिवशी तोंडातून निघून जायचंच.

६

मग एका संध्याकाळी टक्क आलाच नाही.

ताईंनी शिडी ढकलली. घर्रर्र जात राहिली, बारीक होत गेली, चिलटाच्या आवाजासारखी झाली आणि ऐकू येईनाशी झाली. ताई बटणावर हात ठेवून उभ्याच. वन्संचा झुलणारा पाय थांबला.

"काय झालं गं?"

"शिडी अजून पोचली नाही."

"तिला काय पत्ता शोधायचाय?"

दोघी हसल्या. हसून झाल्यावर दुकान फारच शांत वाटलं. आणि तेवढ्यात आतून, खूप लांबून, चिलटाएवढा आवाज आला. तो मोठा होत गेला. घर्रर्र. अंधारातून शिडी बाहेर आली, सावकाश, कोणी नेमानं ढकलून द्यावी तशी, आणि ताईंच्या टेबलाशी दाराच्या चौकटीवर आपटली.

टक्क.

 भिंत नसेल तर शिडी आपटून उलटी येत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. आणि मग त्यांच्या मनात एक अगदी साधा, घरगुती विचार आला, आणि त्यानंच त्यांच्या अंगावर काटा आला. संध्याकाळी झाडून झाल्यावर शिडी मागे ढकलून द्यायची, ही आपलीच पद्धत. तिकडेही कोणीतरी झाडून घेतलं असेल. त्यांच्या लेखी मागची बाजू ही.

"कोण आहे गं तिकडे मेलं?" वन्सं उठून उभ्या राहिल्या. "शिडी आपटली असती मला!"

"वन्सं, जाऊ नका."

"का? दुकान माझ्या भावाचं. आत कोण शिरलंय ते मी बघायचं नाही तर कोणी?"

आणि चपला फटक फटक वाजवत वन्सं आत गेल्यासुद्धा.

७

सुरुवातीला त्यांची बडबड नीट ऐकू येत होती. "इथे पण धूळ. हे बघ, बोट उमटतंय. ही चित्रं उलटी लावलीत. डोकं आहे का ठिकाणावर?" मग नुसत्या चपला. मग तेही नाही.

"वन्सं!"

"आले गं!" वन्संचा आवाज इतक्या लांबून आला, की गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून आला असावा असं वाटलं.

ताई निघाल्या. कपाटाला हात लावत लावत, पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवत. आधी ओळखीची पुस्तकं लागली. मग अनोळखी. मग पुन्हा ओळखीची लागायला लागली, फक्त उलट्या क्रमानं. मोजणी अधिकाऱ्यांच्या नकाशांचा ढीग लागला, जमिनीवर. कोटाचं एक बटण पायाला लागलं. ताईंनी ते उचललं नाही.

आणि पुढे, लांब, खिडकीएवढा उजेड दिसला.

तिथे टेबल होतं. पाठमोरी एक बाई वाकून झाडत होती, खणांच्या खालून केरसुणी फिरवून. तिच्या मागे कमरेवर हात ठेवून वन्सं उभ्या होत्या. आवाज स्वच्छ आला.

"तो कोपरा राहिला."

ताईंच्या जिवात जीव आला. एवढ्या भीतीतही त्यांना जरासं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं ते वाक्य फक्त त्यांचं होतं.

मग त्यांचं लक्ष दाराजवळच्या खुर्चीकडे गेलं. खुर्चीची पाठ आड येत होती, बसलेलं माणूस दिसत नव्हतं. दिसत होता फक्त एक पाय. अंगठ्यावर चप्पल झुलत होती.

वन्सं तर उभ्या होत्या.

"छान झालंय की," खुर्चीतून कोणीतरी मऊ आवाजात म्हणालं.

झाडणाऱ्या बाईनं कंबर सरळ केली. केरसुणी ठेवली. हात दिव्याच्या बटणावर ठेवला. ती काय म्हणणार हे ताईंना तिनं तोंड उघडायच्या आधीच कळलं.

"चला, वाढवते," ती ताईंच्या आवाजात म्हणाली.

उजेडाची ती खिडकी लगेच लहान झाली. पाटीएवढी. मग पोस्टकार्डाएवढी. मधली कपाटं वाढत चालली होती आणि वन्सं लांब जात होत्या, कमरेवर हात तसाच, कोणाला तरी काहीतरी ऐकवत.

ताईंना एकच गोष्ट सुचली. तो शब्द. तो काढला तर दुकान जाईल. सासूबाईंचं, यजमानांचं, त्यांच्या पोटापाण्याचं. पण दुकान ठेवून करायचं काय? रोज झाडायचं आणि कोणी काहीच म्हणायचं नाही?

"बंद!" ताई ओरडल्या. घसा फाटेपर्यंत. "दुकान बंद! बंद! बंद!"

जाडजूड पुस्तक मिटावं तसा आवाज झाला.

ताईंचं नाक मागच्या भिंतीला टेकलेलं होतं. पलीकडे शिंप्याचं मशीन चालत होतं. त्या वळल्या. दुकान मोज्याएवढं, नकाशांचे ढीग खच्चून भरलेले, आणि दाराजवळच्या खुर्चीत वन्सं बसल्या होत्या. पाय झुलत होता.

"आलात?" ताईंना रडू फुटलं. "कुठून आलात? माझ्या बाजूनं तर नाही गेलात."

"आत्ताच आले." वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. "दमलीस का गं?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. भीतीनं माणूस बदलतं, असं ताईंनी मनाशी म्हटलं. घरी जाताना वाटभर वन्सं गप्प होत्या. चहा फिका झाला होता, तरी गप्प. ताईंनी तो मुद्दामच फिका केला होता.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी दुकान उघडलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. आधी शिडी ढकलून बघितली. टक्क लगेच आला, जिथे यायचा तिथे. ताईंनी देवाचे आभार मानले आणि झाडायला घेतलं. सगळं झाडलं. फक्त खुर्चीसमोरचा कोपरा सोडला. तिथे केरातला केसांचा आणि धुळीचा चांगला लिंबाएवढा गोळा मुद्दाम लोटला. तो त्यांनी तसाच ठेवला, वन्संना समोर दिसेल असा. मग कंबर सरळ करून उभ्या राहिल्या आणि वाट बघायला लागल्या.

वन्संनी त्या गोळ्याकडे बघितलं. नीट बघितलं. पाय झुलत होता.

"किती छान झाडलंस गं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मागचा शिंपी गल्लीला वळसा घालून आला. दारातूनच म्हणाला, "ताई, वन्संना जरा सांगा हो. सकाळपासून आपल्या मधल्या भिंतीशी बसून नुसतं कोपरा, कोपरा, धूळ, धूळ लावलंय. माझ्या मेहुण्याला वाटलं त्यालाच बोलतायत." मग त्याला खुर्चीत वन्सं दिसल्या. वन्सं त्याच्याकडे बघून गोड हसल्या. शिंप्यानं गळ्यातली टेप घट्ट धरली आणि निघून गेला.

ताईंनी केरसुणी कोपऱ्यात उभी केली, डोळे पुसले आणि पदर खोचला. आणि त्या सकाळी, एकही गिऱ्हाईक यायच्या आत, मागच्या भिंतीकडे तोंड करून, अगदी पोटातून हाक घालून ताईंनी दुकान वाढवलं.